ठाणे–नवी मुंबईच्या गच्चीवरून दीर्घिका आणि धूमकेतू: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गच्चीवर दुर्बीण मांडली की बिल्डिंगमधले लोक जमतात आणि साधारण तेच प्रश्न विचारतात. दुर्बीण नुकतीच घेतलेल्यांचे प्रश्न थोडे वेगळे असतात. दोन्ही प्रकारचे प्रश्न इथे एकत्र घेतले आहेत. उत्तरं चार ते आठ इंच व्यासाच्या साध्या दुर्बिणीसाठी, डोळ्याने बघणाऱ्यांसाठी आणि आपल्या या उजळलेल्या, दमट आकाशासाठी आहेत.

एवढ्या उजेडात दीर्घिका (गॅलक्सी) खरंच दिसतात का?

दिसतात. सगळ्या नाहीत, पण नीट निवडल्या तर सहा इंची दुर्बिणीतून वर्षभरात डझनभर तरी दिसतात. आकाशाच्या काळोखाची जी बॉर्टल मोजपट्टी आहे, तिच्यात १ म्हणजे उत्तम काळोख आणि ९ म्हणजे महानगराचा मध्य. ठाणे, वाशी, नेरूळ हे सगळं ८ ते ९ मध्ये येतं. आपलं आकाश कितपत आहे हे बघायची सोपी परीक्षा म्हणजे महाश्व (पेगॅसस) तारकासमूहाचा चार ठळक ताऱ्यांचा चौकोन. नोव्हेंबरमध्ये तो रात्री डोक्याच्या आसपास असतो. चौकोनाच्या आत साध्या डोळ्याने एकही तारा दिसत नसेल, तर साडेचार प्रतीच्या आतच तुमची मर्यादा संपते (प्रत म्हणजे तेजस्वितेचा आकडा; तो जितका मोठा तितकी वस्तू मंद). अशा आकाशातही देवयानीतली दीर्घिका, एम ३१ (मेसिए या निरीक्षकाच्या यादीतली ३१ वी नोंद), दुर्बिणीत मिळतेच.

"दिसते" म्हणजे काय, हे मात्र आधी ठरवून घ्या. करड्या रंगाचा, कडा नसलेला, मध्ये थोडा उजळ असा धुरकट ठिपका दिसेल. तो २५ लाख वर्षांपूर्वी निघालेला प्रकाश असतो आणि तुमच्या डोळ्यावर येऊन थांबतो. ज्याला यात आनंद वाटतो त्याने या छंदात जरूर यावं. चित्रातल्यासारखं काही दिसेल म्हणून येणाऱ्याने आधी चंद्र आणि शनी बघावेत. तेही तितकंच चांगलं काम आहे.

कोणती दुर्बीण घ्यावी?

सहा इंची, म्हणजे १५० मिलिमीटर व्यासाची, डॉब्सोनियन. लाकडी बैठकीवर फिरणारी आरशाची दुर्बीण. मोटर नाही, तिपाई नाही. पैसे आरशावर खर्च होतात आणि मंद गोष्टींसाठी आरसाच लागतो. ७० मिलिमीटरच्या भिंगाच्या दुर्बिणीपेक्षा ती साडेचार पट प्रकाश गोळा करते, अंधारात पूर्ण उघडलेल्या डोळ्याच्या तुलनेत सुमारे साडेचारशे पट. आठ इंची आणखी चांगली, पण लिफ्ट वरच्या मजल्यापर्यंतच असेल आणि शेवटचा जिना चढून गच्चीवर न्यायची असेल, तर वजनाचा विचार करा. जी दुर्बीण वर नेण्याचा कंटाळा येतो तिच्यातून काहीच दिसत नाही.

"५२५ पट मोठं दाखवते" असं खोक्यावर छापलेली दुर्बीण घेऊ नका.

आधी १० बाय ५० ची (दहा पट, ५० मिलिमीटर भिंगांची) द्विनेत्री घेऊन एक हिवाळा आकाश पाठ केलं तर उत्तमच. धूमकेतूंसाठी ती पुढेही लागते.

एम ३३ ची प्रत ५.७ आणि एम ८२ ची ८.४. मग पहिली दिसत नाही आणि दुसरी दिसते, असं कसं?

या पानावरचा सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न हाच. धूमकेतूची बातमी वाचतानाही हेच लक्षात ठेवायचं असतं.

प्रत जितकी लहान तितकी वस्तू तेजस्वी, हे ताऱ्यांच्या बाबतीत सरळ आहे, कारण तारा हा बिंदू असतो. दीर्घिकेची प्रत मात्र तिचा सगळा प्रकाश एका बिंदूत गोळा केला तर किती होईल, हे सांगते. प्रत्यक्षात तो पसरलेला असतो. चमचाभर तूप एका भाकरीवर वाढलं तर चमकतं, तेच दहा भाकऱ्यांवर पसरलं तर लावलंय की नाही तेही कळत नाही.

आता आकडे बघा. एम ३३ चा एकूण प्रकाश एम ८२ च्या सुमारे १२ पट आहे. पण ती आकाशात जवळपास ७० बाय ४० कलांवर (६० कला म्हणजे एक अंश) पसरली आहे, म्हणजे लांबीला दोन पौर्णिमेच्या चंद्रांहून जास्त. एम ८२ फक्त ११ बाय ४ कलांची. क्षेत्रफळात फरक साठ पटींहून अधिक. म्हणजे तेवढ्याच तुकड्यात एम ३३ पाचेक पट मंद पडते, आणि तो तुकडा शहराच्या उजळ आकाशात विरघळून जातो.

म्हणून शहरात यादी करताना प्रतीबरोबर आकार वाचा. लहान आणि आटोपशीर दीर्घिका आपल्या, मोठ्या आणि पसरट दीर्घिका गावाकडच्या. एम ३३ आणि एम १०१ साठी गच्चीवर रात्र घालवू नका.

मग मोठी दुर्बीण घेतली की उजेडावर मात होते का?

पूर्ण नाही. मोठा आरसा दीर्घिकेचा प्रकाश वाढवतो तसाच आकाशाच्या पार्श्वभूमीचाही वाढवतो. दोघांमधला फरक तितकाच राहतो. मुरबाडच्या पुढच्या माळावर चार इंची दुर्बीण जे दाखवते ते घोडबंदर रोडवर आठ इंचीला जमत नाही.

किती पट मोठं करून बघावं?

सहा इंचीत साधारण ६० ते ८० पट. १२०० मिलिमीटर नाभ्यंतराच्या (फोकल लेंथच्या) दुर्बिणीला २५ मिलिमीटरचा आयपीस (डोळा लावायचं भिंग) लावला तर ४८ पट होतं. त्याने आधी जागा शोधायची, मग १५ ते १८ मिलिमीटरच्या आयपीसने बघायचं.

कमी पट म्हणजे जास्त उजळ, म्हणून नवीन माणूस सगळ्यात कमी पटीलाच चिकटून राहतो. शहरात हे चालत नाही. पट वाढवली की दीर्घिका मंद होते, पण आकाशही त्याच प्रमाणात काळवंडतं. वस्तू मात्र आकाराने मोठी होते, आणि मंद प्रकाशात आपल्या डोळ्याला लहान ठिपक्यापेक्षा मोठा डाग लवकर जाणवतो. लहान दीर्घिकांना शंभर पटीपर्यंत नेऊन बघा. एम ३१ मात्र कमी पटीतच बघा.

मी बरोबर जागी आहे, तरी काहीच दिसत नाही. काय करू?

मोबाइल खिशात ठेवा आणि वीस ते तीस मिनिटं काहीही उजळ बघू नका. डोळ्याची बाहुली काही क्षणांत मोठी होते, पण दृष्टिपटलावरचं ऱ्होडॉप्सिन (मंद प्रकाश टिपणारं रसायन) भरून यायला वेळ लागतो. जिन्यातला दिवा एकदा बघितला की ते पुन्हा पहिल्यापासून. टॉर्च लाल आणि मंद हवा. आजूबाजूच्या खिडक्यांचा उजेड तर बंद करता येत नाही, म्हणून काळं जाड कापड डोक्यावर आणि आयपीसवर घ्या. बघणारे हसतील, हसू देत. एवढ्या स्वस्तात एवढा फायदा देणारी दुसरी वस्तू या छंदात नाही.

मग तिरकी नजर. दृष्टिपटलाच्या मध्यभागी मंद प्रकाश टिपणाऱ्या पेशी नसतात. त्या बाजूला असतात, सुमारे १५ ते २० अंशांवर सगळ्यात दाट. म्हणून दीर्घिकेकडे थेट न बघता आयपीसमधल्या दृश्याचा मध्य आणि काठ यांच्या अर्ध्या अंतरावर बघा आणि लक्ष मात्र मध्येच ठेवा. बाजूही चुकवू नका. उजव्या डोळ्याने बघत असाल तर दीर्घिकेच्या उजवीकडे बघा, डाव्या डोळ्याने बघत असाल तर डावीकडे. उलट केलंत तर ती डोळ्याच्या आंधळ्या बिंदूवर पडते आणि असलेलीही नाहीशी होते.

तरीही शंका असेल तर दुर्बिणीच्या नळीवर बोटाने हलकेच टिचकी मारा. स्थिर मंद डाग डोळा सोडून देतो, हलणारा पकडतो. श्वास रोखून बघू नका. प्राणवायू कमी पडला की मंद प्रकाश आधी जातो.

आणि बसून बघा. खुर्चीवर बसलेल्या माणसाला उभ्या माणसापेक्षा जास्त दिसतं, याबद्दल माझ्या मनात शंका नाही.

कोणत्या दीर्घिका, आणि कधी?

नोव्हेंबरच्या उत्तरार्धात रात्री नऊच्या सुमाराला एक सुंदर योग असतो. उत्तरेकडे एम ३१ आणि दक्षिणेकडे शिल्पकार तारकासमूहातली एनजीसी २५३ (एनजीसी ही मेसिएपेक्षा मोठी दुसरी यादी), दोन्ही साधारण एकाच वेळी आपल्या सर्वोच्च जागी येतात. पहिली क्षितिजापासून ६८ अंशांवर, दुसरी ४६ अंशांवर.

एम ३१ साठी महाश्वाच्या चौकोनातला उत्तरा भाद्रपदेचा उत्तरेकडचा तारा धरा, तिथून देवयानीच्या ओळीतला पुढचा ठळक तारा मिराक. मिराकपाशी काटकोनात वळून शर्मिष्ठेच्या बाजूला दोन मंद तारे पार करा. दुसऱ्याच्या लगतच ती आहे. पूर्ण दीर्घिका तीन अंशांहून लांब आहे, पण आपल्याला तिचा गाभाच दिसतो. गाभ्याजवळ ताऱ्यासारखी पण किंचित फुललेली एम ३२ शोधा. ती सापडली की दोन दीर्घिका झाल्या. तिसरी, एम ११०, शहरात सहसा हाती लागत नाही. पर्शियन खगोलशास्त्रज्ञ अल-सूफीने इसवी सन ९६४ मध्ये एम ३१ ची "छोटा ढग" अशी नोंद केली. ती आपल्या आकाशगंगेच्या बाहेर आहे हे ठरायला खगोलशास्त्रज्ञ हबलने १९२३ मध्ये तिच्यातला सेफीड तारा (ज्याच्या तेजाच्या चढउतारावरून अंतर काढता येतं असा तारा) ओळखावा लागला.

एनजीसी २५३ साठी तिमिंगलातला ठळक तारा डिफ्डा पकडा आणि सरळ दक्षिणेला सात अंश खाली या. ती कॅरोलिन हर्शेलला १७८३ मध्ये धूमकेतू शोधताना सापडली. युरोपातून ती क्षितिजाला टेकलेली असते. आपण १९ अक्षांशावर आहोत म्हणून आपल्याला ती चांगली वर मिळते. लांबट, फिकट पट्टा दिसतो. ठाण्याच्या दक्षिणेला मुंबईचा उजेड असल्यामुळे इथून ती अवघड जाते. उलव्याच्या पुढे, उरणच्या बाजूला, बंदराचे दिवे टाळून जागा मिळाली तर जास्त सोपी.

मग गुढीपाडव्याचे दिवस. पाडवा अमावास्येच्या दुसऱ्या दिवशी येतो, त्यामुळे चंद्राचा त्रास नाही, आणि तेव्हाच सिंह, कन्या, सप्तर्षी वर असतात. दीर्घिकांचा खरा हंगाम हाच. एप्रिलच्या मध्यावर रात्री नऊला एम ८१ आणि एम ८२ उत्तरेला सुमारे ४० अंशांवर असतात, एकाच आयपीसमध्ये दोघी. एम ८१ गोलसर, मध्ये उजळ. एम ८२ आडव्या काडीसारखी. दोन्ही सुमारे १.२ कोटी प्रकाशवर्षांवर. जानेवारी २०१४ मध्ये एम ८२ मध्ये अतिनवतारा (सुपरनोव्हा, म्हणजे स्फोट होणारा तारा) फुटला होता आणि तो लहान दुर्बिणींनाही दिसण्याइतका तेजस्वी झाला होता. असं पुन्हा कधीही होऊ शकतं, म्हणून मी या जोडीला दर मोसमात भेट देतो.

एम १०४ साठी हस्ताचा चौकोन घ्या. दक्षिणेकडे तोंड केल्यावर वरच्या डाव्या कोपऱ्यातला तारा, त्याच्या वर किंचित डावीकडे साडेपाच अंश. एप्रिलअखेर रात्री पावणेअकराला ती जवळपास ६० अंशांवर असते. लहान, दाट, म्हणून शहरातही ठामपणे दिसते. माझ्या मते इथल्या आकाशासाठी सगळ्यात समाधान देणारी दीर्घिका हीच.

एम ८७ उत्तरा फाल्गुनी आणि कन्येतला विंडेमियाट्रिक्स यांच्या साधारण मध्यावर आहे. दिसायला नुसता गोल धूसर ठिपका, पण कृष्णविवराचं जे पहिलं चित्र २०१९ मध्ये प्रसिद्ध झालं ते हिच्याच केंद्रातलं. अंतर सुमारे साडेपाच कोटी प्रकाशवर्षं. सिंहातल्या एम ६५ आणि एम ६६ शेजारी शेजारी आहेत, पण त्यांना पाऊस पडून गेल्यावरची रात्र लागते.

कोणत्या रात्री बसावं?

अमावास्येच्या आगेमागे पाचेक दिवस. जून ते सप्टेंबर विसरा.

दिवाळीची अमावास्या काळोखी खरी, पण धूर, फटाके आणि प्रत्येक गॅलरीतले कंदील. ती रात्र सोडून द्या, मार्गशीर्ष आणि पौषाची धरा. थंडीत आपल्याकडे आणखी एक अडचण असते. थंड हवा जमिनीलगत बसते आणि बांधकामांची, रस्त्यांची धूळ तिच्याखाली कोंडली जाते. ती धूळ खालून उजळते आणि आकाश दुधाळ होतं. सगळ्यात स्वच्छ रात्री मिळतात त्या पाऊस परतल्यानंतरच्या पहिल्या आठवड्यांत, आणि अवकाळी सर येऊन गेल्यावर. तशी सर संध्याकाळी आली, तर रात्रीचे बेत बदलून गच्चीवर जा.

मध्यरात्रीनंतर दुकानं, जाहिरातींचे फलक, घरातले दिवे कमी होतात. फरक जाणवतो.

फिल्टर लावून उजेड कापता येतो का?

दीर्घिकांसाठी नाही. यूएचसी किंवा ऑक्सिजन-३ फिल्टर मृगातल्या तेजोमेघासारख्या वायूच्या ढगांना मदत करतात, कारण ते ठरावीक तरंगलांबींतच प्रकाशतात. दीर्घिका म्हणजे ताऱ्यांचा प्रकाश, सगळ्या रंगांत पसरलेला. फिल्टर आकाशाबरोबर तिलाही कापतो. रस्त्यावर पिवळे सोडियमचे दिवे होते तेव्हा थोडाफार उपयोग व्हायचा. एलईडीचा पांढरा प्रकाश सगळ्या पट्ट्यांत असतो. ते पैसे वांगणीच्या फेऱ्यांना वापरा.

"आज रात्री दिसणार धूमकेतू" अशी बातमी आली. मला दिसेल का?

बातमीतली प्रत वाचा आणि मगाचचं एम ३३ चं उत्तर आठवा. धूमकेतूची प्रतही त्याच्या सगळ्या धूसर गोळ्याचा प्रकाश एकत्र करून सांगतात. सहाव्या प्रतीचा पसरट धूमकेतू गच्चीवरून सापडणार नाही, आठव्या प्रतीचा दाट केंद्राचा सापडेल. निरीक्षक धूमकेतूचा दाटपणा ० ते ९ असा नोंदवतात. हा आकडा ५ च्या वर असेल तर शहरातून प्रयत्न जरूर करा.

भाकितांवर फार विसंबू नका. आयसॉन हा धूमकेतू २०१३ च्या नोव्हेंबरमध्ये सूर्याजवळून जाताना विस्कटला. २०२० च्या वसंतात ज्या ॲटलासकडे सगळे डोळे लावून बसले होते तो फुटला, आणि त्याच वर्षी जुलैमध्ये निओवाइज साध्या डोळ्यांनी दिसला, तेव्हा आपल्याकडे पावसाचे ढग. ऑक्टोबर २०२४ मधला सुचिन्शान–ॲटलास मात्र पाऊस परतता परतता आला. संध्याकाळी पश्चिमेला तो दिसत होता आणि दरवेळी असंच व्हावं अशी इच्छा होते.

आजची जागा बघायला स्टेलेरियम या आकाश दाखवणाऱ्या ॲपमध्ये धूमकेतूंची माहिती ताजी करून घ्या. जुन्या माहितीवर तो काही अंश चुकीच्या जागी दाखवतो.

पश्चिमेला की पूर्वेला? कुठून बघावं?

धूमकेतू सूर्याजवळ असताना सर्वांत तेजस्वी असतात, म्हणून बहुतेक वेळा संध्याकाळी पश्चिम क्षितिजाजवळ किंवा पहाटे पूर्वेला खाली मिळतात. ठाणेकरांच्या पश्चिमेला येऊरचे डोंगर आडवे येतात. वागळे इस्टेट किंवा वसंतविहारमधून दहा अंशांच्या खालचं सहसा मिळत नाही. संध्याकाळच्या धूमकेतूसाठी ऐरोली, वाशी, नेरूळचा खाडीकाठ बरा. पलीकडे मुंबईचा उजेड आहे, पण क्षितिज मोकळं आहे. पहाटेच्या धूमकेतूसाठी उलट. नवी मुंबईच्या पूर्वेला पारसिक आणि खारघरचे डोंगर येतात, तेव्हा उंच इमारतीची गच्ची शोधा.

सूर्य पूर्ण मावळल्याशिवाय दुर्बीण त्या बाजूला फिरवू नका आणि उगवण्याआधी बंद करा. आयपीसमधून क्षणभर आलेला सूर्यही डोळा कायमचा घालवतो. मुलं शेजारी असतील तर दुर्बिणीला झाकण लावूनच उठा.

सापडलेला धूसर ठिपका धूमकेतू आहे की दीर्घिका?

या गोंधळातूनच मेसिएची यादी तयार झाली. चार्ल्स मेसिए धूमकेतू शोधायचा. १७५८ मध्ये वृषभ राशीत त्याला एक धूसर डाग दिसला, तो जागचा हलला नाही. तो आजचा एम १. फसवणाऱ्या अशा डागांची यादी त्याने छापायला घेतली. ती आज ११० नोंदींची आहे आणि लहान दुर्बिणीच्या माणसाची पाठ्यपुस्तकासारखी सोबत आहे.

परीक्षा त्याचीच वापरायची. आयपीसमधल्या ताऱ्यांचं पेन्सिलने चित्र काढा, ठिपक्याची जागा दाखवा. तासाभराने पुन्हा बघा. दिवसाला एक अंश सरकणारा धूमकेतू तासात अडीच कला पुढे गेलेला असतो आणि ६० पटीत ते सहज कळतं. ती हालचाल स्वतःच्या चित्रावर उमटलेली बघणं, हा मला या छंदातला सर्वोच्च क्षण वाटतो. भारतीय खगोलशास्त्रज्ञ वेणू बाप्पू यांना हार्वर्डमध्ये विद्यार्थी असताना १९४९ मध्ये एका छायाचित्रावर नवीन धूमकेतू सापडला. बाप्पू–बोक–न्यूकर्क हे त्याचं नाव, भारतीय नाव असलेला धूमकेतू म्हणून आपण सगळ्यांनी ते लक्षात ठेवावं.

शेपटी दिसेल?

शहरातून क्वचितच. दिसलीच तर सूर्याच्या विरुद्ध बाजूला.

रंग का दिसत नाहीत?

मंद प्रकाशात काम करणाऱ्या पेशींना रंग कळत नाहीत. कॅमेरा मिनिटानुमिनिटं प्रकाश साठवतो, डोळा साठवत नाही. तेजस्वी धूमकेतूंमध्ये कधी कधी हिरवट झाक जाणवते, ती द्विअणू कार्बनची.

स्मार्ट दुर्बीण घेऊ का?

सीस्टार एस५० सारखी ५० मिलिमीटरची छोटी यंत्रं लहान लहान फोटो एकावर एक रचून शहरातूनही एम ५१ चे सर्पिल हात दाखवतात. उजेडावर इतका स्वस्त उपाय पूर्वी नव्हता. आजी-आजोबांना, गुडघे दुखणाऱ्यांना, शाळेतल्या मोठ्या वर्गाला दाखवायचं असेल तर जरूर घ्या. पण चित्र मोबाइलवर येतं. प्रकाश थेट स्वतःच्या डोळ्यात घ्यायचा असेल तर डॉब्सोनियनच.

सोसायटी गच्चीची किल्ली देत नाही.

सेक्रेटरींना लेखी अर्ज द्या, तारीख आणि वेळ लिहा, आणि पहिल्याच रात्री सगळ्यांना बोलवा. शनीची कडी एकदा बघितली की विरोध बराच मावळतो. वॉचमनकाकांना सगळ्यात आधी दाखवा. वर गेल्यावर टाकीच्या आडोशाला बसा, म्हणजे रस्त्याचे दिवे थेट येत नाहीत. दिवसभर तापलेला स्लॅब रात्री दहापर्यंत गरम हवा सोडतो. दीर्घिकांना त्याचा त्रास कमी, ग्रहांना जास्त. दुर्बीण अर्धा तास आधी वर नेऊन ठेवा.

जवळ काळोख कुठे आहे?

ठाण्याहून कर्जत लोकलने वांगणी. मुंबई परिसरातले हौशी खगोलप्रेमी अनेक वर्षं तिथे जात आले आहेत, गटाबरोबर रात्रभराच्या कार्यक्रमाला जाणं नवीन माणसाला सगळ्यात सोयीचं. बदलापूरची वाढ आता तिथल्याही आकाशात दिसते. मुरबाडच्या पुढे माळशेजच्या वाटेवर किंवा शहापूर–कसाऱ्याच्या बाजूला गेलात तर एम ३३ सुद्धा मिळेल. येऊरला रात्री थांबू नका. ते राष्ट्रीय उद्यानाचं जंगल आहे, रात्री थांबायला परवानगी नाही आणि बिबटे आहेत. ओळखीच्या घराच्या अंगणात किंवा शेतावर, घरमालकाला सांगून बसणं सगळ्यात चांगलं.

पावसाळ्यात दुर्बीण कशी ठेवायची?

इथे दुर्बिणीचा खरा शत्रू बुरशी आहे. खाडीकाठच्या दमट, खारट हवेत आरशावरचा ॲल्युमिनियमचा थर ठिपक्याठिपक्यांनी जातो आणि आयपीसच्या भिंगांवर कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे उमटतात. दव पडलेली दुर्बीण लगेच झाकू नका. घरात पंख्याखाली उघडी ठेवून पूर्ण सुकू द्या, मग झाकणं लावा. आयपीस हवाबंद डब्यात, बरोबर सिलिका जेल. निळे दाणे गुलाबी झाले की गरम करून पुन्हा वापरायचे. कपड्यांच्या बंद कपाटात चार महिने ठेवू नका. दर पंधरा दिवसांनी बाहेर काढून तासभर हवा दाखवा.

आरशावर थोडी धूळ असली तर ती राहू द्या, तिने दिसण्यात फरक पडत नाही. बुरशी दिसली तर मात्र थांबू नका. आरसा काढून डिस्टिल्ड वॉटरमध्ये साध्या द्रव साबणाचे दोन थेंब टाकून भिजवा, कापसाने न दाबता फिरवा, पुन्हा डिस्टिल्ड वॉटरने धुवा आणि तिरपा उभा करून सुकवा. फडक्याने पुसायचा नाही. परत बसवल्यावर आरसे एका रेषेत आणायला विसरू नका.